काठ

कामठीत हाफिजभाईंच्या जुन्या सामानाच्या दुकानात
छत्र्या ठेवायला उभी केलेली एक चिनी फुलदाणी होती,
ओठ फुटलेली.
तिच्यावर एक बाई. बहुधा राणी.
झग्यावर गळ्यापासून गुडघ्यापर्यंत काहीच नाही,
आणि खाली, घोळाला, तिरक्या पट्ट्यांचं पाणी:
निळं, फिकं निळं, राखी, पुन्हा निळं.
समुद्र तिने पावलांपुरताच नेसलेला.

विजेच्या बिलामागे मी तो घोळ उतरवून घेतला.
हाफिजभाईंनी छत्र्या काढून दिल्या,
आणि चहा.

आमच्या नाटकात राणीला एकही वाक्य नाही.
दुसरा अंक ती नुसती उभी.
दिग्दर्शक म्हणाला, भरजरी करा,
शेवटच्या रांगेला दिसलं पाहिजे.
गांधीबागेतून चकचकीत कापड आणून पाहिलं:
कुंदा सोमकुंवर त्यात वरातीच्या घोडीसारखी दिसली,
आणि हे तिनेच आधी म्हटलं.

बजेट बावीसशे.
घरात आईची दोन करवतकाठी लुगडी, अंगाला विरलेली,
काठ अजून धारदार.
करवतीचे दात तिरके लावले की लाटा होतात,
हे रात्री दीड वाजता कळलं,
स्वयंपाकघराच्या फरशीवर, टाचण्या तोंडात धरून.
लाटा लाल झाल्या. झाल्या तर झाल्या.

बळीराम धकाते कात्रीला हात लावेना.
"काठ कापत नाही जी मी.
बापानं खड्ड्यात पाय सोडून
जन्मभर हेच दात मोजले."
मग मीच कापला.
तोवर तो पानठेल्यावर जाऊन उभा राहिला.
आला, आणि एकेक दात जुळवत
मुकाट शिवत बसला.
शेवटी एवढंच: "पायाकडे कोण पाहते पण, बाई?"

प्रयोगाला एकसष्ट माणसं, परीक्षक धरून.
वरचं अंग कोऱ्या मांजरपाटाचं.
कुंदा चालली. सात पावलं, लेखकाने तेवढीच दिलेली.
घोळ दर वेळी तिच्यामागून
एक पाऊल उशिरा पोचत राहिला.
कुणीतरी खोकत होतं, ते थांबलं.

परीक्षकांच्या कागदावर: वेशभूषा, ठीक.

परतताना स्कूटरवर मागे,
मांडीवर पिशवी घट्ट धरून धकाते म्हणाला,
"समुद्र असाच राहते का जी?"
मी एकदाच पाहिलेला, मुरुडला, ओहोटीच्या वेळी.
चिखल होता. लांबच लांब चिखल.
सिग्नल सुटला.
"हो," म्हटलं, "जवळजवळ."