उसना कुकर

मगदूमकाकूंचा कुकर दहा लिटरचा,
झाकणावर कोरलेलं: आदगोंडा मगदूम, १९८६.
"शनिवारपर्यंत दे," म्हणाल्या,
"आणि अंडंबिंडं नको हं त्यात, नसीम."
"बटाट्याचं पाणी चालंल?"
त्यांनी कानांवर हात ठेवले,
पण त्याआधी कुकर माझ्या हातात आलेला होता.

बटाट्याचं गाळलेलं पाणी, चमचाभर काकवी,
आणि लक्ष्मीपुरीतून आणलेला चायना ग्रास.
"फालुदा करताय काय भाभी?" दुकानदारानं विचारलं.
हो म्हटलं. कुठं सांगत बसा.

पंधरा वर्षं राजारामपुरीच्या लॅबमध्ये
अशाच बशा उघडत आले.
कुणाच्या घशातलं, कुणाच्या लघवीतलं
उगवलं, की वाईट बातमी.
काहीच न उगवलेल्या बशीपुढं "निरंक" लिहिताना
पेन कसं हलकं चालायचं.
मग मशीन आलं, मी घरी आले,
आणि आता उगवावं म्हणून बसते.

पंखा बंद. खिडकी बंद. मे महिना.
पारदर्शक खोक्याला हात घालायपुरती दोन भोकं.
मुबारक, ज्याला घोटभर चहाबरोबरसुद्धा
तालमीतली एखादी कुस्ती सांगावीच लागते,
दारात तोंडावर रुमाल धरून उभा.
अकरा मिनिटं.
आमच्या लग्नातही तो एवढा गप्प नव्हता.

धिंगरीचा देठ कापायचा नाही, उभा फाडायचा.
ब्लेड ज्योतीत लाल करायचं,
आगराच्या कडेला टेकवायचं, चुर्र.
मग आतलं, हवेनं कधीच न बघितलेलं,
तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी उचलायचं
आणि श्वास सोडायचा तो
झाकण लावल्यावर.

तिसऱ्या दिवशी दाण्याभोवती धुकं.
पाचव्या दिवशी सात बशांतल्या चार हिरव्यागार,
एक गुलाबी, चिकट, ताकासारखी आंबूस.
राहिल्या दोन,
त्यांतल्या एकीतही काठाला हिरवा ठिपका.

तिथं घाबरायचं नसतं.
ठिपक्यापासून सगळ्यात लांबची कड बघायची,
जिथं पांढरा धागा अजून पुढं पळतोय,
तिथला तुकडा नव्या बशीत.
मधलं घ्यायचं नाही, ते दमलेलं असतं.
आठवड्यानं पुन्हा कड. पुन्हा नवी बशी.

तिसऱ्या शनिवारी काकू स्वतःच वर आल्या.
मी बशी खिडकीच्या उजेडात धरली.
पिंजलेल्या कापसातून कुणी कंगवा फिरवावा
तशी ती मधून काठाकडं निघालेली.
"किती सुरेख गं. जिवंत आहे?"
"आहे."
"आणि त्या, पिशवीत बांधलेल्या? हिरव्या?"
"त्यापण."
"त्यांचं काय करणार?"

फालुदा म्हणता आलं असतं इथंही.
"उकळायच्या," म्हटलं, "तुमच्याच कुकरात.
तशाच टाकल्या तर घरभर होतात."

काकू झाकणावरच्या नावावरून बोट फिरवत राहिल्या,
सासऱ्यांच्या नावावर धूळ नव्हती तरी.
"ठेव तुझ्याकडंच," म्हणाल्या.
"आमच्यात आता ह्यात वरण शिजायचं नाही."
राग असेल. आवाजात तरी सापडला नाही,
आणि मी शोधायला सरावलेली बाई आहे.

जिन्यात चार पायऱ्या उतरून थांबल्या.
"ती पांढरी मोठी झाली की हाक मार.
खाणार नाही. बघेन."

बशीला टेप गुंडाळली, वर लिहिलं:
धिंगरी, तिसरी कड, सतरा मे.
रात्री मुबारक झोपल्यावर
पाच बशा कुकरात रचल्या, गॅस पेटवला.
शिट्टी होणार असं वाटलं तशी
आच बारीक केली, मग आणखी बारीक.
खालच्या मजल्यावर
दिवा अजून चालू होता.