मधली खुर्ची

टोकावड्याच्या पुढं डांबर संपतं,
तिथून अर्धा तास चालत कातकरवाडी.
ऐझॉलहून आलेले अकरा जण, दहा दिवसांसाठी,
एक गिटार, औषधांच्या दोन पेट्या,
आणि मी, सुवार्ता शांतवन भिंगारदिवे,
कल्याणच्या चर्चनं उसनी दिलेली जीभ.

वाडीनं तीन खुर्च्या काढल्या, प्लास्टिकच्या.
एकीचा पाय तारेनं बांधलेला.
ती मधली. ती माझी.

लालरेमसांगी मिझोत विचार करायची, इंग्रजीत बोलायची,
मी ते मराठीत आणायचे,
आणि माझं मराठी वाडीत शिरताना
उंबऱ्यावर ठेचकाळायचं.
मग आश्रमशाळेतला बुध्या
नाक पुसून पुढचा टप्पा न्यायचा.
रेमी पाच मिनिटं बोलली
तर ठमी हिलमपाशी पोचायचे चार शब्द.
बाकीचे कुठं सांडले, कुणी मोजलं नाही.

मला वाटलं होतं, मी इथली.
पहिल्याच दिवशी ठमीनं बुध्याला विचारलं,
ही बाई कुठल्या देशाची?
बोट रेमीकडं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी रेमीनं चित्र उघडलं:
हिरवं कुरण, खांद्यावर कोकरू घेतलेला माणूस.
मी म्हटलं, मेंढपाळ.
बुध्या अडला. मग म्हणाला, धनगर.
हां, धनगर, वाडीनं मान हलवली.
ठमीनं चित्र लांब धरलं, जवळ धरलं,
आणि बरंच काही बोलली.
बुध्यानं ते एवढंसं करून माझ्या हातावर ठेवलं:
"दिवाळी झाली का येतात. माळावर बसतात.
माणसं चांगली.
पण ऱ्हात नाहीत. लेंड्या टाकून पुढं जातात."

अकरा चेहरे माझ्याकडं.
मी इंग्रजीत म्हणाले,
त्यांना चित्र फार आवडलं.

प्रभू, हे माझ्या खात्यावर लिही.

रात्री शाळेच्या ओट्यावर रेमीला खरं सांगितलं.
ती हसली, पोट धरून, मग गप्प झाली.
म्हणाली, आमच्या डोंगरातही मेंढ्या नाहीत गं.
मी पहिली मेंढी पाहिली ती याच चित्रात,
दुसरी काल मुरबाडच्या बाजारात,
आणि ती बहुतेक बकरी होती.

दुसऱ्या दिवशी ठमी दारात वास्ते सोलत होती,
बांबूचे कोवळे कोंब, वर बारीक कूस.
रेमी बोलता बोलता थांबली.
चित्र मिटलं, खाली बसली,
ठमीच्या हातातला कोयता मागितला, नुसत्या हातानं,
आणि पहिलीच साल अशी उतरवली
की ठमीनं तिच्या मनगटाकडं पाहिलं, मग तोंडाकडं.
कोंब उकळले, कडू पाणी ओतलं.
त्या वासानं रेमीचे डोळे भरले.
ओढ्यातले खेकडे आले. ते दगडावर कसे फोडायचे
हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.
एक मिझोत बोलत होती, एक कातकरीत,
दोघींच्या बोटांना तिखट लागलेलं,
आणि मी खुर्चीत, हात मांडीवर घेऊन,
कुणी काही विचारील म्हणून.

मला वाढलं. तो वास मला सोसेना.
म्हटलं, पोट बरं नाही.
हे मात्र भाषांतर न करताच
सगळ्या वाडीला समजलं.

निघताना ठमीनं रेमीला सागाच्या पानात काहीतरी बांधून दिलं,
वर एक शब्द.
मी बुध्याला विचारलं, काय म्हणाली?
तो म्हणाला, तुमच्यात नाही तो.

दिवाळीनंतरच्या शनिवारी एकटीच गेले.
चित्र नाही, गिटार नाही, ग्लुकोज बिस्किटांचे चार पुडे.
माळावर खरंच मेंढ्या बसल्या होत्या.
बुध्या शाळेत.
ठमीनं मला ओळखलं, तारेची खुर्ची आणायला आत वळली.
मी नको म्हटलं, हातानं.
मग तिनं पायानंच करांद्यांचा ढीग
थोडा माझ्याकडं सरकवला.