पाटे

डोमाजी काका रोज सहाला येतात
आणि खुर्ची दिली तरी
जुन्या टायरवरच बसतात.
सव्वीस वर्षं फौजेची गाडी हाकली त्यांनी,
बंदूक चालवली ती फक्त परीक्षेपुरती.

माझं पंक्चरचं दुकान फाट्यावर.
पलीकडे यशोदेचा पूल,
अलीकडे डेपोकडे वळणारा रस्ता,
आणि त्याच्या कडेनं रुळांची एक शाखा,
जिच्यावरून दिवसा काहीच जात नाही.
पऱ्हाट्या पेटवून मी चहा ठेवतो.

ट्रक लांबून दिसला की काका आधी पाटे बघतात.
"सरकी हाये. तीन टन जास्त."
"हा रिकामा. पन डायवर दोन रात्री झोपला नाई."
चुकत नाहीत.
एकदाच चुकले, तेव्हा आत म्हशी होत्या
आणि त्या जागा बदलत होत्या.

परवा गौरखेडे सरांचा पोट्टा मोबाइल घेऊन आला.
कुठल्याशा दूरच्या लढाईतला व्हिडिओ,
घारीच्या उंचीवरून काढलेला:
बर्फातला रस्ता, रस्त्यावर एकटा ट्रक,
पडद्याच्या मधोमध एक बारीक फुली.
ट्रक वळला की फुली वळते,
झाडामागे गेला की थांबते,
मांजर थांबते तशी.
मग सगळं पांढरं.
"उडवला! गोळे होते काका, पुरे ठासून!"

काकांनी चष्मा सदऱ्याला पुसला.
"मांगं घे. अजून मांगं.
आता चालू दे."
वरून पाटे दिसत नव्हते.
तीनदा बघितलं त्यांनी. चहावर साय आली.

"गोळे असते तं वळनावर गाडी बसली असती.
हे पाय, कशी झुलत गेली, नव्या नवरीवानी.
आन् गोळे एकदा फुटून मोकये होत नाईत, बाप्पा.
रातभर फुटत रायतात."
थोडं थांबून म्हणाले,
"याच्यात पाव होते.
पाव, नाईतं टपाल."

पोट्ट्यानं मोबाइल खिशात घातला.
त्याला गोळेच बरे वाटत होते.

मग काका आपसूक बोलत राहिले, पुलाकडे बघत.
चाळीस गाड्यांची ओळ असायची त्यांची,
पहिली घाट चढून गेली
तरी शेवटची खालच्या गावात कणीक मोजून घेत असे.
आता ओळ करत नाहीत. भाचा सांगून गेला, तोही त्याच कामात.
एकेक गाडी सुटते, दिवे मारून,
आरशाला चिखल फासून, जाळी पांघरून,
तासाच्या वाटेला अख्खी रात्र घालते.
"मुंग्याईची रांग दिसली का पोट्टे पाय देतेत.
एकटी मुंगी कोनाले दिसते?"
"मंग एकट्या मुंगीनं किती साखर न्यावी, काका?"
मी विचारलं.
त्यांनी उत्तर दिलं नाही,
टायरच्या नक्षीत अडकलेला खडा
नखानं उकरत बसले.

एवढंच म्हणाले, बऱ्याच वेळानं,
की वर सामान न्यायला भीती वाटली नाही कधी.
उतरताना वाटायची.
"फौजेची गाडी रिकामी परतत नाई.
जाताना पाटे दबलेले असायचे, येताना नाई.
वजन काईच नोतं त्याचं.
तरी गेअर टाकाले हात उठे ना."

साडेनऊला फाट्यावरचे दिवे गेले.
रुळांच्या शाखेवर काहीतरी सरकायला लागलं,
शिटी न देता.
पान्यांच्या डब्यात पाने एकमेकांना लागले,
आणि स्टुलावरचा ग्लास
हळूहळू कडेकडे चालत गेला. मी धरला.

काका अंधारात बोटांची पेरं मोजत होते,
अंगठा एका पेरावरून दुसऱ्यावर.
शेवटचा डबा पूल ओलांडेपर्यंत.
मीही मोजले.

"किती झाले?" पोट्ट्यानं विचारलं.
काका उठले, पँट झटकली,
सायकलचं स्टँड पाडलं.
"पाऊसपान्याचं लवकर घरी जाय," म्हणाले.

आकाशात ढग नव्हता.
मी चुलीतल्या पऱ्हाट्या विझवल्या
आणि आकडा
पोटातच ठेवला.