कात्रण

बसस्टँडच्या मागं पोत्यात सापडलं तेव्हा
एवढंसं, वीतभर.
"बया, हे काय कात्रण उचलून आणलंस?"
सलमाबी म्हणाली. तेच नाव लागलं.

अंगात दम नाही, पण म्हशीवर भुंकतं,
माझ्या लुगड्यामागून.
गिऱ्हाइकांच्या चपला नेतं, त्याही डाव्याच.
चावत नाही, नुसतं वर बसून राहतं.
मे महिन्यात वट्टमवारांची सून
तापल्या डांबरावरून लंगडी घालत घरी गेली,
ब्लाऊज मात्र इथंच विसरली.

कोरडी भाकरी टाकली तर
भाकरीकडं बघतं, मग माझ्याकडं.
तेलाचं बोट फिरवलं की तीच गोड.

आणि झोपायला, सगळं दुकान सोडून,
मशीनचं पायडल.
एका कडेला माझी पावलं, दुसऱ्या कडेला ते,
खाली-वर, खाली-वर.
हुक लावायला थांबले की एक डोळा उघडतं:
का थांबलीस?
मग मी रिकामीच चालवते मशीन,
दोरा न ओवता.

दिवाळीत नागनाथनं परभणीहून मोटर आणली.
"आई, गुडघे किती झिजवशील?
नुसतं दाबायचं, आपोआप शिवंल."
डबा अजून फळीवर आहे,
त्यावर अस्तरांचा ढीग.

परवा फोनवर विचारलं त्यानं, बसवली का?
म्हटलं, लाइट कुठं असते बाबा सेलूत.

पायडलवर एक कान हलला.
वर पंखा गरागरा फिरत होता.