उरलेलं हिरवं

उपाशीपोटी आलायत ना, मी विचारते.
चहासुद्धा नाही, पुरेवजाव म्हणतो,
मीठ घातलेला, तोही नाही.
उलानबातर, जानेवारी. खिडकीबाहेर उणे एकतीस,
आणि कोळशाच्या धुरात सूर्य
चहावर तरंगणाऱ्या लोण्याच्या थेंबासारखा.

वजन अडुसष्ट. किलोमागे अर्धा मिलिग्रॅम,
म्हणजे चौतीस.
आयोडीन सोसतं? मासे खाता?
ज्याला हाक मारता येत नाही
ते जनावर खायचं कसं, म्हणतो.
मी रकान्यात लिहिते : नाही.

डाव्या हातातून रंग आत सोडते,
इतका हिरवा की काळाच वाटावा.
उजव्या हातातून रक्त काढायचं,
पाच, दहा, पंधरा मिनिटांनी.
हा रंग वाटेत कुणाकडे उतरत नाही.
मूत्रपिंडांना ओळख देत नाही,
त्याला एकच घर माहीत.
यकृत धडधाकट असेल तर दारातच उचलतं त्याला,
पित्तात लोटून मोकळं होतं.
थकलेलं असेल तर नुसतं बघत बसतं,
आणि हिरवं येरझारा घालत राहतं अंगभर.

जे उरेल ते मोजायचं. माझं काम एवढंच.
किती कापायचं, ते उरलेल्यावरून ठरतं.

पाच मिनिटं.
वसतिगृहात काचेची एकच सिरिंज होती, तो सांगतो,
पोरं चाळीस.
कधी उकळायची, कधी फडक्याने पुसायची.
टोचणारी बाई मायाळू, रडणाऱ्याला खडीसाखर द्यायची.
मी दोनदा रडलो.

दहा.
तुमच्या यंत्राआधीची आहेत ही बोटं, म्हणतो,
मेंढीचं काळीज आंधळ्यानेही वाचावं :
कडा पातळ, अंग गुळगुळीत, तर पाहुण्यांना,
कड बोथट, हाताला दाणे लागले, तर कुत्र्यांना.
मग स्वतःच्या उजव्या बरगडीखाली बोटं रोवतो,
जरा थांबतो.
हे मी पाहुण्यांना वाढलं नसतं.

हसायचं नसतं अशा वेळी. मी हसते.
तोही.

पंधरा.
नळी यंत्रात गरगरते, तांबडं तळाशी बसतं,
वर राहतो तो द्रव पेंढ्यासारखा पिवळा हवा.
दाखवा, म्हणतो. दाखवायचं नसतं, तरी दाखवते.
उजेडात धरून बराच वेळ बघतो.
एवढं गवत उरलं?
मग गवताला दोष नाही,
कळप आजारी आहे.

यंत्र म्हणतं सव्वीस.
दहाच्या आत असता आकडा
तर सर्जननी अर्धं काढलं असतं निर्धास्त,
उरलेलं अर्धं वाढलंही असतं पुन्हा.
सव्वीसला जेमतेम एक कोपरा.
गाठ कोपऱ्यात नाही. गाठ मुठीएवढी आहे.
हे सांगणं माझं काम नव्हे,
मी कागदावर आकडा लिहिते, सहीखाली वेळ : नऊ बेचाळीस.
तो टोपी उचलतो, आत फुंकर घालतो,
उगाच, ऊब असल्यासारखी.

बाहेर बाकावर त्याची लेक, नोमिनझुल.
आमच्यात सख्ख्यांना म्हणतात
एका काळजाची माणसं.
बोलायची रीत आहे, कुणी तपासत नाही.
तिला कुणी बोलावलेलं नाही, अर्ज नाही, रकाना नाही,
डॉक्टर तिच्याशी अजून बोललेले नाहीत,
बापाने तर विषयच काढू दिलेला नाही.
पण बाही कोपरापर्यंत दुमडलेली,
आणि मी काही विचारायच्या आत म्हणते,
मीही उपाशीपोटीच आलेय.