टेकू

नकाशा घडी करून खिशात घाला.
अस्मारात रस्त्यांची नावं इतक्यांदा बदललीत
की पोस्टमनसुद्धा आधी विचारतो, कुणाच्या काळातलं?
मी अब्रेहेत. फी अशी ठरलेली नाही,
मधे एकदा माकियातो तुमच्याकडून,
आणि चढावर मला बोलायला लावू नका.
साडेसात हजार फुटांवर हवा उधारीवर मिळते.

आधी हा घंटेचा मनोरा. लाल विटांचा.
वर जाणार असाल तर बाराच्या आत खाली या.
घंटा वाजताना जो वर सापडतो
तो संध्याकाळपर्यंत काय? काय? करत फिरतो.

हे सिनेमाघर. गोल दिव्यांच्या रांगा,
जहाजाच्या खिडक्या असाव्यात तशा.
समुद्र इथून शंभरेक किलोमीटर, आणि सगळा उतार.
माझ्या मामीला मागणी घातली ती इथे, मध्यंतरात.
उत्तर तिने सिनेमा संपल्यावर दिलं.
शेवट काय होतो ते तिला बघायचं होतं.

बोलिंगच्या या घरात
पिना यंत्र उभ्या करत नाही, फिलिमोन करतो.
चेंडू सुटला की तो उडी मारून कठड्यावर,
गडगडाट थांबला की पुन्हा खाली, वाकून.
रंगीत काचा छान आहेत, बघा.
त्याची उजवी नडगीही बघा.

मेदेबेरला इमारत म्हणाल तर एक कमान.
आत पिंपाचे तवे होतात, डब्यांच्या चुली,
लोखंड इथे मरत नाही, फक्त धंदा बदलतं.
कमान राहू द्या. आवाज बघा.

आता हा मोठा रस्ता, ताडांचा.
संध्याकाळी सगळं शहर इथे पाय मोकळे करतं,
पांढऱ्या नेत्सेला, कडक इस्त्रीच्या पँटी,
कुणालाच कुठे पोचायचं नसतं.
इटालियनांच्या राज्यात माझ्या आजोबांना, झेरेझगींना,
इथे डोक्यावर सिमेंटची पाटी असेल तरच चालता यायचं.
पाटी उतरली की रस्ता परका.
म्हणून ते रिकामी पाटीसुद्धा
डोक्यावरच ठेवून घरी यायचे.

आणि हा पेट्रोल पंप.
हो, हाच. ज्यासाठी तुम्ही आलात.
दोन्ही बाजूंना पसरलेले सिमेंटचे पंख,
खाली एकही खांब नाही.
बांधताना लाकडी टेकू होते.
ते काढायच्या दिवशी, म्हणतात,
कुणीतरी कुणावर तरी पिस्तूल रोखलं:
काढ, नाहीतर गोळी घालतो.
सांगणारे इथे थांबतात, चहा मागवतात.
टेकूला प्रत्यक्ष हात कुणाचा लागला
हे विचारायचं राहून जातं.

आमच्या घरात विचारायची गरज नव्हती.
उजवा पंख. सात टेकू.
आजोबा म्हणायचे,
पिस्तूल लांब होतं, सिमेंट डोक्यावर होतं,
मी जवळच्याला घाबरलो.
प्रत्येक टेकूला घण मारायचा आणि मोजायचं,
वर बघायचं नाही.
हादे, किल्ते, सेलेस्ते.
चौथ्याला धूळ पडली, एवढीच.
सातवा निघाला तेव्हा टाळ्या वाजल्या
त्या रस्त्याच्या पलीकडे.
ते मात्र तसेच उभे, हातात घण,
कारण जा असं कुणी म्हणालं नव्हतं.

खरं असेल, नसेल.
या गावात निदान चार घरांचे आजोबा
त्या पंखाखाली उभे होते.
माझी कुणाशी भांडणं नाहीत. टेकू पुष्कळ होते.

जा, तुम्ही दोघं खाली उभे राहा. घाबरू नका,
ऐंशी वर्षांहून जास्त झाली, पडायचा नाही.
नाही, मी नको. आमच्यातलं कुणी
सावलीलाही तिथे थांबत नाही,
जुलैत गारा पडतात तेव्हा माझी मुलं
पंखाच्या कडेबाहेर सायकली धरून भिजतात
आणि लोकांना वाटतं, वेडी आहेत.

फोटो मी इथून काढते.
थोडे डावीकडे. अजून.
हसा की.
अर्बाते, हामुश्ते, शुदुश्ते…
थांबा. हलू नका.
एक राहिलाय.