गुरुवार सोडून

पुढच्या आवृत्तीत काय काय बदलणार,
त्याची यादी मी लिहितेय
वारज्यात, ओट्यावर लॅपटॉप ठेवून.
कुकरची तिसरी शिट्टी अजून व्हायचीय.

लिहिण्याआधी जुन्याची नक्कल आपोआप घेतली जाईल.
अख्खी चिप न पुसता हवा तेवढाच तुकडा पुसता येईल.
पॅरलल पोर्टवरून लिहिण्याची सोय
काढून टाकत आहोत.

इथे हात अडतो.
त्या सोयीच्या सव्वातीनशे ओळी आहेत,
कुणा योनासने वीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या.
मधेच त्याची टीप:
इथे थोडं थांबावं लागतं. का, माहीत नाही. काढू नका.
योनासला पाठवलेली मेल आता परत येते.
आमच्यातल्या कुणाकडेच ती केबल उरलेली नाही,
आणि जे तपासता येत नाही ते ठेवायचं कशाला,
असं सगळ्यांचं ठरलं.
हात मीही वर केला होता.

मग मुनाफ अत्तार आठवला.

तपकीर गल्लीत, चार्जरच्या माळांमागे त्याचं दुकान.
काचेवर पाटी: चिप उपटून आणू नये, बोर्डासकट आणावी.
आत पिवळा पडलेला डेस्कटॉप,
त्याच्या पाठीला पंचवीस भोकांचा पोर्ट,
आणि पोर्टातून निघालेली, त्यानेच डाग देऊन जोडलेली केबल,
टोकाला आठ पायांना धरणारा चिमटा.

कॉलेजात असताना मी माझं मशीन मारलं होतं,
चुकीची फाईल लिहून, रात्री दोन वाजता, फुशारकीत.
रडवेली होऊन ते त्याच्यासमोर ठेवलं.
त्याने चिमटा लावला, चिप पुसली, वाचून दाखवली.
पडद्यावर नुसते एफ, ओळीमागून ओळी.
मला वाटलं होतं शून्यं दिसतील.
‘छे. पुसलं की सगळीकडे एक होतो.
लिहायचं म्हणजे त्यातले काही पाडायचे.’
नव्वद रुपये घेतले. पावती दिली नाही.

सोमवारी मंडईत गाडी लावून गेले.
सांगितलं, तुमची केबल आता चालणार नाही.
तो भिंगातून भवानी पेठेतल्या कुणाच्या
भरतकामाच्या मशीनचा बोर्ड बघत होता.
‘काढा की. जुनी आवृत्ती आहे माझ्याकडे,
तीन पेनड्राइव्हवर.
एक बहिणीकडे ठेवलाय, हडपसरला.’

मी तयारी करून गेले होते,
समजूत काढायची, माफी मागायची.
ती सगळी तशीच परत पिशवीत.

‘ते तुकडा पुसायचं काय म्हणालात?’
मी सांगितलं. त्याने दोनदा ऐकलं.
‘एका ओळीसाठी सगळं पुसायचो आम्ही.
ती चार मिनिटं पंख्याकडे बघत बसायचो,
फिरतोय ना, फिरतोय ना.
सोडताय कधी?’
गुरुवारी, म्हटलं.

तेव्हा त्याने भिंग खाली ठेवलं.
‘गुरुवारी? गुरुवारी वीज जाते, मॅडम.
नवीन आलं म्हणून पोरं लगेच लावून बघणार,
अर्धं पुसून होतंय तोच बत्ती गुल.
मग माझ्याकडे रांग.’

जगभर वापरतात हो हे, असं तोंडावर आलं होतं.
तो दाराबाहेर बघत होता, रांग आत्ताच लागल्यासारखा.
मी गप्प बसले.

घरी येऊन तारीख शनिवारची केली.
बाकीचे कारण विचारतील.
पुण्यात गुरुवार असतो, एवढंच लिहिलंय.

मग योनासच्या ओळी निवडल्या,
पहिलीपासून सव्वातीनशेपर्यंत,
निळ्या झाल्या.
डिलीटवर बोट.

थोडं थांबावं लागलं.
का, माहीत नाही.